रिपोर्ट नॉर्मल, खोकला कायम

‘एक्स-रे स्वच्छ आहे, काळजीचं काही नाही,’ हे ऐकून निश्चिंत झालेला माणूस त्याच रात्री दोन वाजता पाठीला उशी लावून खोकत बसतो. घरचे म्हणतात ॲलर्जी असेल, शेजारच्या काकू हळद-दूध सुचवतात आणि मेडिकलवाला काही न विचारता खोकल्याची बाटली काढून देतो. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर गेला की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतं. त्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक म्हणजे दमा. धाप नाही, छातीत घरघर नाही, नुसता कोरडा खोकला, तरीही दमाच.

१९७९ साली अमेरिकेतल्या कोराओ, ब्रामन आणि आयर्विन या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची हकिगत छापली. फुंकून करायची स्पायरोमेट्री त्यांच्या बाबतीत ठीकच येत होती. मग त्यांना श्वासातून मेथाकोलीन दिलं. हे औषध श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतं. निरोगी माणसाला थोड्या मात्रेने फारसं काही होत नाही, पण दमेकऱ्याच्या नळ्या लगेच आकसतात. आज या चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली, की नळ्या हळव्या आहेत असं धरतात. त्या रुग्णांच्या नळ्या आकसल्या आणि नळ्या रुंद करणाऱ्या औषधाने त्यांचा खोकलाही थांबला. शांत बसलेली श्वासनलिका तपासून काही कळत नाही, तिला डिवचावं लागतं.

मला या विषयातलं सगळ्यात रंगतदार वाटतं ते जपानमधल्या कानाझावा विद्यापीठातल्या मासाकी फुजिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. खोकला दोन वाटांनी येतो आणि या दोन वाटा वेगवेगळ्या तपासायला हव्यात, हा त्यांचा आग्रह. पहिली वाट कॅप्साइसिनची. लाल मिरचीची फोडणी जरा करपली की सगळं घर ठसकतं, ते या द्रव्यामुळे. प्रयोगशाळेत त्याची मात्रा पायरीपायरीने वाढवतात आणि कितव्या पायरीला पाच वेळा खोकला येतो ते पाहतात. नुसत्या खोकल्याचा दमा असलेल्यांना मिरची जास्त झोंबेल, असं कुणालाही वाटेल. कानाझावात तसं दिसलं नाही. त्यांची प्रतिक्रिया चारचौघांसारखीच निघाली. फरक दिसला तो दुसऱ्या वाटेवर. मेथाकोलीनने नळी थोडीशीच आवळली, धाप लागणार नाही इतपत, तरी या रुग्णांना खोकल्याची उबळच येते. नेहमीच्या दमेकऱ्याची नळी तेवढीच आवळली तर तो इतका खोकत नाही. स्नायू जरासा आवळला तरी त्याची खबर यांच्या मेंदूपर्यंत फार मोठ्याने पोचते, असं दिसतं.

हे पटलं की बाटलीचा फोलपणा कळतो. कोडीनचं सिरप मेंदूतलं खोकल्याचं केंद्र दाबतं, आवळलेली नळी आवळलेलीच राहते. आणि नुसत्या खोकल्याचा दमा असलेल्यांपैकी काहींना पुढे पूर्ण दमा होतो. उपाय आहे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, पण आपल्याकडे घोडं अडतं ते पंपापाशी. ‘सवय लागते’, ‘आत्ताच कशाला?’, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर पंप कपाटात. वास्तविक पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि स्टेरॉइडच्या गोळीचा मिलिग्रॅममध्ये. गोळी मात्र आपण बिनतक्रार गिळतो.

मेथाकोलीनची चाचणी तालुक्याच्या गावी कुठून मिळणार? मग डॉक्टर काही आठवडे पंप देऊन बघतात. त्याला माझा विरोध नाही, पण बघायचंच तर नीट बघावं. आधी थुंकी तपासावी, कारण आपल्या देशात दोन आठवड्यांवरच्या खोकल्यात क्षयाची शंका पहिली. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, तीही खोकला आणते. स्टेरॉइडने बरं वाटलं म्हणजे दमाच होता, असंही नाही. श्वासनलिकेत इओसिनोफिल पेशी वाढल्या तरी असा खोकला येतो, हे पीटर गिब्सन यांनी १९८९ मध्ये दाखवलं. त्यात नळ्या मेथाकोलीनला दाद देत नाहीत, स्टेरॉइडला देतात. आणि पंप कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावं. जिभेवर फवारा मारून ‘पंप काही लागू पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.