सीमा, मर्यादा आणि मज्जाव

विजयादशमीच्या सणात एक विसंगती आहे आणि ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ज्या श्रीरामाच्या विजयाचे ह्या दिवशी आपण स्मरण करतो त्याचे बिरुद मर्यादापुरुषोत्तम. आणि तिसऱ्या प्रहरी जो विधी करावयास निघतो त्याचे नाव सीमोल्लंघन. मर्यादा म्हणजेही सीमाच. मग सीमा पाळणाऱ्याचे पूजन आणि सीमा ओलांडण्याचा सोहळा एकाच दिवशी कसा? विचार करू जाता असे दिसते की, माणसाच्या मोकळेपणाभोवती जी जी कुंपणे पडतात त्यांना आपल्या भाषेने एकच नाव दिलेले नाही. नावे अनेक आहेत, कारण कुंपणे अनेक जातींची आहेत.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेवर विंझर लागते. राजगड आणि तोरणा ह्या दोन गडांच्या छायेतला हा मुलूख भातशेतीचा. प्रत्येक खाचराभोवती बांध असतो. बांध, बंध, बंधन, बंधारा आणि बंधू हे सारे एकाच धातूचे कुटुंब होय. बांध पाण्याला अडवितो खरा, पण ती पाण्याला केलेली शिक्षा नव्हे. अडलेले पाणी मुळाशी राहते म्हणून भात निसवते. त्याच शिवारातून पुढे गेले की गावाची शीव येते. शीव हे सीमेचेच घरगुती रूप. आपले कोठे संपले आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू झाले एवढेच ती सांगते. दसऱ्याला ओलांडावयाची ती शीव. सीमोल्लंघनाच्या नावाखाली बांध फोडावयास कोणी निघत नाही, हे कुणब्याच्या पोरालाही सांगावे लागत नाही.

ह्याच राजगडाने दोन निराळी कुंपणे पाहिली. १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा महाराजांकडे उरले. राजगड आणि तोरणा त्या बारांतलेच. तहाला अटी असतात. प्रसंग गळ्याशी आला म्हणून त्या मान्य केलेल्या असल्या तरी मान्य करणाऱ्याची मुद्रा त्यांवर असते. पुढच्याच वर्षी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याचा दरबार झाला आणि थोड्याच दिवसांत महाराजांच्या मुक्कामाभोवती पहारे बसले. ह्या पहाऱ्यांवर त्यांची मुद्रा नव्हती आणि त्यांना मुदतही नव्हती. ह्याला शब्द नजरकैद. कैद, मनाई हे शब्द आपल्याकडे आले तेच मुळी दरबारी भाषेतून. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज त्या पहाऱ्यातून निसटले आणि पुढे राजगडी पोहोचले. तहाची अट आणि आग्र्याची कैद ह्यांतला भेद पाहा: कैदेतून ते संधी मिळताच सुटले, पण मोगलांशी युद्ध पुन्हा पेटले ते १६७० मध्ये. आणि पहारेकऱ्यांना चुकवून निसटण्याला आजवर महाराष्ट्रात कोणीही मर्यादाभंग म्हटलेले नाही.

उलट बाजूस नवरात्राचे व्रत घ्या. व्रत हा शब्द ‘वृ’ म्हणजे निवडणे ह्या धातूपासून आला, असे महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांचे मत आहे. नऊ दिवस धान्य वर्ज्य करणारी माउली भुकेला जो लगाम घालते तो तिने स्वतः निवडलेला असतो. पतंजलींचे पाच यम आणि पाच नियमही असेच स्वतःसाठी आहेत. दुसऱ्याकडून सत्य, संतोष नि अपरिग्रह करवून घ्यावा असे योगशास्त्र सांगत नाही. नियम हा शब्द कचेरीत गेला आणि दुसऱ्यांसाठी झाला. निर्बंधाची तर गंमतच आहे. ऐकताना वाटते बंध नसणे, आणि अर्थ होतो बंध घालणे! सहकारी संस्थांच्या पाट्यांवर ‘मर्यादित’ लिहिलेले असते, तेथे मात्र मर्यादा सभासदाच्या जबाबदारीला असते. असो.

खरा घोटाळा होतो तो मज्जावाला मर्यादा म्हटल्यामुळे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिर रामाचे, आणि दार लावून घेणारेही रामाचे भक्तच. सत्याग्रह काही वर्षे चालला तरी ते दार उघडले नाही. हा होता निव्वळ मज्जाव. पण त्याला धर्माची मर्यादा असे भारदस्त नाव मिळाल्यामुळे सज्जनांनाही तो शोभून दिसला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. एकाने स्वतःवर घातलेल्या बंधनाने इतरांवर लादलेले बंधन उठले.

मंदिरांची दारे उघडली. घरांतली सारीच उघडली आहेत असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथेला बंदी करणारा ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र नि जोडवी काढून घेणे हे थांबवावे. बंदी हा शब्द एरवी कानाला कडू लागतो. येथे ती बंदीवरच घातलेली होती. पुढे राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचे उदाहरण ठेवले. ह्या ठरावाला आमच्या परंपरेचा अधिक्षेप मानणारे पुष्कळ आहेत. पण ज्या बाईवर हे आचार पडतात, त्यांवर तिची मुद्रा असते काय? नसेल तर त्यांना व्रतही म्हणता येत नाही आणि मर्यादाही नाही. दरबारी भाषेतून आलेल्या शब्दांपैकीच एखादा त्यांना लावावा लागेल.

आज तिसऱ्या प्रहरी घरोघरचे पुरुष शमीपूजनाला गावाच्या ईशान्येस निघतील आणि आपट्याची पाने घेऊन परततील. उंबरठ्यावर त्यांचे औक्षण होईल. त्या वेळी घरातली एखादी काकू किंवा आत्या स्वयंपाकघरातच थांबलेली असते. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले, ‘त्यांनाच पुढे यायला आवडत नाही.’ असेलही. काहींनी ते खरोखर निवडलेले असते, आणि त्यांच्या निवडीचा मान राखला पाहिजे. परंतु निवड होण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. औक्षणाचे तबक आज तिच्यापुढे धरून ‘काकू, तुम्ही ओवाळता का?’ एवढे विचारावयास मुहूर्त लागत नाही.