साठ विरुद्ध शून्य

10 नोव्हेंबर 2024 रोजी मॉरिशसच्या मतदारांनी प्रविंद जगन्नाथ यांच्या सत्तारूढ आघाडीला मुख्य बेटावर एकही जागा मिळू दिली नाही. नवीन रामगुलाम यांचा मजूर पक्ष, पॉल बेरांजे यांची ‘एमएमएम’ आणि त्यांचे दोन लहान सहकारी पक्ष यांनी तेथील साठापैकी साठही जागा जिंकल्या. दूरध्वनीवरील संभाषणे चोरून ऐकली जात असल्याचे दाखविणाऱ्या ध्वनिफिती प्रचाराच्या काळातच बाहेर आल्या होत्या. त्यावर सरकारने मतदानाच्या दहा दिवस आधी समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. भ्यालेले सरकार आणि संतापलेला मतदार यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते त्या रविवारी दिसले.

परंतु या निकालाने हर्षभरित होणाऱ्या डाव्या मंडळींनी एक गोष्ट विसरू नये. हा चमत्कार या बेटावर पहिल्यांदा घडलेला नाही. जून 1982 मध्ये तो घडला होता आणि डिसेंबर 1995 मध्ये पुन्हा घडला होता. 1982 च्या विजेत्यांची आघाडी नऊ महिन्यांत फुटली. 1995 ची दीड वर्षाच्या आसपास टिकली. जून 1997 मध्ये पंतप्रधान रामगुलाम यांनी आपले उपपंतप्रधान बेरांजे यांनाच मंत्रिमंडळातून काढले. समोर विरोधी पक्ष नसताना सरकारे का फुटावीत?

याचे अर्धे उत्तर मतदानपद्धतीत आहे. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सभासद निवडले जातात. प्रत्येक मतदार तीन मते देतो आणि ती बहुधा एकाच आघाडीच्या तिन्ही उमेदवारांना पडतात. त्यामुळे देशभर वारा एका दिशेने वाहू लागला की दुसऱ्या बाजूचे काहीच उरत नाही. 1982 मध्ये विजयी आघाडीला सुमारे 64 टक्के मते होती. 2024 मध्ये ती साठ टक्क्यांहून थोडी अधिक होती, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक मते मिळविणारी पराभूत आघाडी मात्र शून्यावर राहिली. उलट 2019 मध्ये अवघ्या 37 टक्के मतांवर जगन्नाथ यांनी स्पष्ट बहुमत मिळविले होते. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तीस जागांची भर घालावी, अशी शिफारस 2002 मध्ये केली. ती कागदावरच राहिली. ज्याला वाऱ्याचा फायदा झालेला असतो, तो भिंत बांधायला कशाला जाईल?

दुसरे अर्धे उत्तर अर्थकारणात आहे व तेच अधिक महत्त्वाचे. त्यासाठी 1982 कडे वळले पाहिजे.

एमएमएमची स्थापना 1969 ची. देश 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला तो जमातवार फाळणी घेऊनच. स्वातंत्र्याच्या बाजूने बहुतेक हिंदू आणि विरोधात बहुतेक क्रिओल, अशी त्या वेळची मांडणी होती. या तरुणांनी जातजमात बाजूला सारून वर्गाची भाषा सुरू केली. गोदी कामगार, बसकामगार, उसाच्या मळ्यांतील मजूर संघटित केले. 1971 च्या संपांनंतर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने आणीबाणी पुकारली, बेरांजेंसह अनेकांना विनाचौकशी डांबले आणि 1972 मध्ये व्हावयाची निवडणूक थेट 1976 पर्यंत लांबविली. ही कार्यपद्धती भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही. त्या 1976 च्या निवडणुकीत एमएमएम 34 जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण पराभवाच्या उंबरठ्यावर असलेल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी करून 36 जागांवर सत्ता राखली.

हे सरकार साखरेच्या तेजीवर उभे होते. 1974-75 मध्ये जगाच्या बाजारात साखरेचे भाव कडाडले, 1975 च्या लोमे करारान्वये युरोपने वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले, आणि सरकारने खर्चाचा हात सैल सोडला. पुढे खुल्या बाजारातील भाव कोसळले, तेल महागले, कर्ज वाढले. रुपयाचे 1979 मध्ये तीस टक्के व 1981 मध्ये आणखी वीस टक्के अवमूल्यन झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी दाराशी येऊन बसला. साखर कारखाने आणि मोठे मळे मूठभर फ्रेंच वंशीय कुटुंबांच्या हाती, आणि तांदूळ-पिठाच्या वाढत्या किमतीची झळ मात्र मळ्यात राबणाऱ्या बाईला, असा हा हिशेब होता. 11 जून 1982 रोजी त्या बाईने आपला कौल दिला. एमएमएम आणि हरीश बुधू यांचा समाजवादी पक्ष यांच्या पदरात साठही जागा पडल्या. खुद्द शिवसागर रामगुलाम आपल्या मतदारसंघात हरले.

अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले आणि अर्थखाते बेरांजेंकडे गेले. कालपर्यंत संप घडविणारा पुढारी आज नाणेनिधीशी वाटाघाटी करू लागला, खर्चकपातीची भाषा बोलू लागला. बेरांजेंना दोष देणे सोपे आहे. तिजोरी रिकामी होती, परकीय चलन नव्हते, आणि कर्ज देणाऱ्याला साठ जागांचे काही कौतुक नव्हते. खरा दोष अगोदरचा आहे. निवडणुकीपूर्वी दोन्ही पक्षांनी जागा वाटून घेतल्या, मंत्रिपदे वाटून घेतली. पण टंचाईचा भार कोणावर टाकायचा, हे ठरविले नाही. मळेवाल्यांवर कर किती, अन्नधान्यावरील अनुदान राखायचे की नाही, या प्रश्नांवर सत्ता हाती आल्यावर भांडण सुरू झाले. एकदा वर्गाचा प्रश्न अनुत्तरित राहिला की जमातीचा प्रश्न त्याची जागा घ्यायला टपलेलाच असतो. 12 मार्च 1983 रोजी राष्ट्रगीत क्रिओल भाषेत प्रसारित झाले आणि गदारोळ उठला. त्याच महिन्यात बेरांजे अनेक मंत्र्यांसह बाहेर पडले. जगन्नाथांनी नवा पक्ष काढला, ज्यांना वर्षापूर्वी धूळ चारली त्याच मजूर पक्षाशी आघाडी केली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक जिंकली. एमएमएमला सुमारे 46 टक्के मते मिळूनही तिच्या पदरी एकोणीसच निवडून आलेल्या जागा पडल्या.

पुढची भरभराट नाकारता येणार नाही. 1970 च्या कायद्याने सुरू झालेल्या निर्यात क्षेत्रात हाँगकाँगचे भांडवल आले, कापड-कपड्यांचे कारखाने निघाले, दशक संपता संपता बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. 1961 मध्ये या बेटाचे निराशाजनक भवितव्य वर्तविणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांचा अंदाज चुकला. मात्र त्या शिलाईयंत्रांवर मुख्यतः स्त्रिया कमी वेतनात राबत होत्या, हे यशोगाथा सांगणारे क्वचितच सांगतात.

जमातीचे गणित अजून सुटलेले नाही. घटनेनुसार उमेदवाराने हिंदू, मुसलमान, चिनी किंवा ‘सर्वसाधारण’ यांपैकी आपली जमात जाहीर करावी लागते. पराभूतांतील सरस उमेदवारांना द्यावयाच्या आठ जागा त्यावर, तेही 1972 च्या जनगणनेच्या आधारे, वाटल्या जातात. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज या हिशेबात ‘हिंदू’ रकान्यात मोडतात. तिकीटवाटपात मात्र मराठी, तमिळ, तेलुगू, एकेक पोटजात वेगळी मोजली जाते. ‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातीव’ या छोट्या डाव्या पक्षाने जमात सांगण्यास नकार देत लढा दिला आणि 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडून अनुकूल निर्णय मिळविला.

याच पक्षाचे नेते, कामगारपुढारी अशोक सुब्रों, नोव्हेंबर 2024 च्या मंत्रिमंडळात सामाजिक सुरक्षेचे मंत्री झाले. नव्या सरकारने डिसेंबरमध्ये तिजोरीची स्थिती मांडली: सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांवर. त्यात आधीच्या सरकारच्या उधळपट्टीचा वाटा मोठा होता. 2019 मध्ये वृद्धांना महिना 13,500 रुपयांपर्यंत निवृत्तिवेतन नेण्याचे आश्वासन देऊन तर मते मागितली गेली होती. पण जून 2025 च्या अंदाजपत्रकात उपाय कोणता निघाला? 1958 पासून सर्वांना विनाअट मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टावर नेण्याचा. प्रचारात ही गोष्ट मतदारापुढे ठेवलेली नव्हती. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. पासष्टीपर्यंत कचेरीत बसणे आणि पासष्टीपर्यंत ऊस तोडणे या एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. तो फरक सर्वांत चांगला जाणणारा माणूस या वेळी सामाजिक सुरक्षेच्या खुर्चीवर होता, आणि ज्यांच्या बाजूने तो आजवर बोलत आला ती माणसे बाहेर घोषणा देत होती.