साठवलेला वेळ

‘काळ कोणासाठी थांबत नाही’ हे वाक्य शाळेतल्या निबंधात आपण सर्वांनीच लिहिले असेल. १९९९ साली अमेरिकेत ‘टिवो’ आणि ‘रिप्ले टीव्ही’ ही दोन यंत्रे बाजारात आली आणि टीव्हीच्या पडद्यापुरते तरी हे वाक्य खोटे ठरले. चालू कार्यक्रम थांबवावा, दार उघडून यावे आणि थांबवला होता तिथून पुढे पाहावा! यंत्रातली हार्ड डिस्क कार्यक्रम सतत मुद्रित करीत असते, म्हणून हे साधते.

कार्यक्रम साठवून ठेवणे तसे नवे नव्हते. सोनीची बीटामॅक्स १९७५ची. घरी मुद्रण करून कार्यक्रम नंतर पाहणे हा गुन्हा नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला होता. पण टेप घालणे, घड्याळ लावणे ही कटकट डिस्कने संपवली. जाहिराती ओलांडून जाणे इतके सोपे झाले, की २००१ साली तिथल्या मोठ्या वाहिन्यांनी ‘रिप्ले टीव्ही’ला न्यायालयात खेचले. ‘काल पाहिलंस का?’ असे विचारणाऱ्याला ‘शेवट सांगू नकोस, मी अजून पाहिलं नाही!’ असे उत्तर मिळू लागले.

आपल्याकडे २००८ साली ‘टाटा स्काय प्लस’ आले. सर्वांनी मिळून पाहण्याचा आनंद अशा यंत्रांनी हिरावला, असे अनेकजण म्हणतात आणि १९८७-८८च्या ‘रामायणा’च्या रविवारांची आठवण काढतात. मला मात्र एक प्रश्न पडतो. रविवारी सकाळी सगळे घर टीव्हीपुढे बसलेले असताना स्वयंपाकघरात कोण होते?

आमच्याकडे मुद्रण करणारा डबा आला, तेव्हा मी आईला मोठ्या उत्साहाने म्हटले, “आता तुझी मालिका चुकायची नाही!” रोजचा भाग आपोआप साठू लागला. आई म्हणायची, “बघेन रे निवांत.” तो निवांतपणा काही आला नाही. शेवटी डिस्क भरली आणि क्रिकेटच्या सामन्यासाठी जागा हवी म्हणून ते भाग मीच पुसले. एकही पाहिलेला नव्हता.

प्रेक्षकाला वेळेचे स्वामित्व मिळाले, असे या यंत्राबद्दल म्हटले जाते. ते खरे आहे. पण ज्याच्याजवळ वेळ आहे, त्याच्यापुरतेच. यंत्राने कार्यक्रम साठवला, फुरसत त्याला साठवता आली नाही. आज तर मालिका मोबाइलवर केव्हाही पाहता येते, तरी ‘बघेन निवांत’ हे शब्द बदललेले नाहीत.

मित्रहो, आपल्याही घरात न पाहिलेले भाग कोणाचे साठले आहेत, हे एकदा पाहावे. त्या व्यक्तीच्या हातातले काम अर्धा तास आपण घ्यावे. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागणार नाही.