पाच बाटल्या, एकच साक्ष

आमचे काही औषधनिर्माते बंधू विश्वासाने सांगतात, की अशोकारिष्टाच्या पाच बाटल्या तपासल्या व पाचही शुद्ध निघाल्या. चौकशी करता पाचही एकाच बॅचच्या असतात. हा दाखला आम्हांस पुरेसा वाटत नाही.

दहांतील एका बॅचमध्ये अशोकाऐवजी खोट्या अशोकाची साल पडते, असे घटकाभर गृहीत धरू. परस्परसंबंध नसलेल्या पाच बॅचमधून एकेक बाटली घेतल्यास पाचही शुद्ध निघण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. पाचही एकाच बॅचच्या असल्यास ती एका बाटलीइतकीच, ९० टक्के. काढा एकाच सालीचा. उरलेल्या चार बाटल्या पहिलीचेच म्हणणे पुन्हा सांगतात. संभाव्यतांचा असा गुणाकार घटना स्वतंत्र असतील तरच करावयाचा असतो.

हा पुस्तकी काथ्याकूट नव्हे. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका मातेवर दोन तान्ह्या मुलांच्या हत्येचा खटला चालला. अशा घरात एका अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोघांची ७.३ कोटींत एक, अशी साक्ष एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने दिली. भावंडांचे रक्त एक, घर एक, हे विसरले गेले. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये यावर आक्षेप घेतला. शिक्षा २००३ मध्ये रद्द झाली, तीही मुख्यतः पुढे न आणलेल्या वैद्यकीय अहवालामुळे.

आमच्या मते तपासणी बाटलीपाशी नव्हे, सालीच्या पोत्यापाशी सुरू व्हावी व प्रत्येक पोत्यातून नमुना घ्यावा. एकाच व्यापाऱ्याची पोती तरी परस्परांपासून किती स्वतंत्र, हेही खरेदीच्या वेळीच विचारावे.