व्हेनिस वाचवायचे तर आधी घरे वाचवा

25 एप्रिल 2024 पासून व्हेनिसने शहरात येण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, मुक्काम न करता नुसते शहर पाहायला येणाऱ्याने 5 युरो भरायचे, असा नियम झाला. पहिल्या वर्षी असे 29 दिवस होते. 2025 मध्ये ते 54 झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला 10 युरोंचा दर लागला. पहिल्याच हंगामात पालिकेच्या तिजोरीत 20 लाख युरोंहून अधिक रक्कम आली, गर्दी मात्र ओसरल्याचे दिसले नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरून आत जाणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. कर घेण्याला माझाही विरोध नाही. कालव्यांच्या शहरात कचरासुद्धा होडीतून न्यावा लागतो आणि तो खर्च पाहुण्याने थोडासा उचलला तर त्यात गैर काही नाही. पण हा कर म्हणजे शहर वाचवण्याचा उपाय आहे, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. तिकीट लावून राजवाडा राखता येतो, संग्रहालय राखता येते. व्हेनिसमध्ये जे झपाट्याने नाहीसे होत आहे ते म्हणजे तिथे राहणारी माणसे, आणि त्यांच्यासाठी या तिकिटात काहीच तरतूद नाही.

1951 साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये ही संख्या 50 हजारांच्या खाली उतरली. रिआल्टो पुलाजवळच्या कांपो सान बार्तोलोमेओ या चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेआड 2008 पासून विजेवर चालणारा एक आकडा लुकलुकतो. तो उरलेल्या रहिवाशांचा आकडा आहे. 2023 मध्ये शहरातल्याच एका पुस्तकांच्या दुकानाने दुसरा आकडा लावला, पर्यटकांसाठी उपलब्ध असलेल्या खाटांचा. त्याच वर्षी खाटांनी माणसांना मागे टाकले. हे कसे घडते ते समजायला अर्थशास्त्र लागत नाही. वर्षभराच्या कराराने कुटुंबाला दिलेल्या घरापेक्षा रात्रीच्या हिशेबाने पाहुण्याला दिलेले घर कितीतरी जास्त कमावते. घरमालक वाईट नसतो, तो फक्त हिशेब करतो. भाडेकरू गेला की शाळेतला एक मुलगा कमी होतो, बेकरीचे गिऱ्हाईक कमी होते आणि तिथे मुखवट्यांचे दुकान येते. आता नवा कर कोणाला लागत नाही ते पाहा. शहरात मुक्काम करणारा वेगळा मुक्काम कर भरतो, म्हणून त्याला माफी. खाडीपलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमध्ये झोपणाऱ्यालाही माफी, कारण मेस्त्रे याच पालिकेच्या हद्दीत आहे. म्हणजे दुसऱ्या प्रांतातून दिवसभरासाठी आलेल्या माणसाने कर भरायचा, आणि ज्या खाटेमुळे एक कुटुंब बाहेर पडले ती खाट मात्र या नियमाच्या नजरेतून सुटते.

यावर म्हणता येईल की लोक जाणे ही वाईट गोष्ट खरी, पण वास्तू तर शाबूत आहेत ना? सान मार्को चर्चचे सोनेरी मोझाइक, 1204 साली कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले चार घोडे, जुन्या राज्यप्रमुखांचा म्हणजे दोजेंचा राजवाडा, सगळे सुरक्षित आहे. पण व्हेनिसमधल्या वास्तू आणि तिथले राहणे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. तिथल्या कुठल्याही जुन्या चौकात उभे राहिले की मध्यभागी कोरीव दगडाचा एक कठडा दिसतो. वरून तो साध्या विहिरीचा वाटतो, पण खाली झरा नाही. चहूकडे खारे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा जागी या लोकांनी अख्खा चौक खणला, तळाला आणि कडांना चिकणमाती लावली, आत वाळू भरली आणि मधोमध विटांचा कूप बांधला. फरसबंदीला उतार देऊन पावसाचे पाणी दगडी जाळ्यांतून वाळूत सोडले आणि गाळून कुपात आणले. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी येईपर्यंत शहर मुख्यतः याच पाण्यावर जगले. असे कठडे आजही शेकड्यांनी आहेत. पर्यटक त्यावर पिशवी टेकवतो आणि पुढे जातो. चौकाभोवतीच्या घरांनी मिळून पाणी साठवायचे, जपून वापरायचे, ही या वास्तूची सारी कल्पना. भोवतालच्या घरांत कोणी राहतच नसेल तर तो कठडा म्हणजे नुसता कोरीव दगड.

याच्या उलट उदाहरणही तिथेच आहे. शिल्पकार वेरोक्कियोने घडवलेला सेनापती कोल्लेओनीचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा ज्या चौकात आहे, त्याच चौकात स्कुओला ग्रांदे दी सान मार्को ही इमारत आहे. 1485 च्या आगीनंतर ती नव्याने बांधली गेली. तिच्या संगमरवरी दर्शनी भिंतीवर खोलीचा आभास देणाऱ्या कमानी कोरल्या आहेत आणि त्यांतून सिंह बाहेर डोकावतात. हे शहराच्या सार्वजनिक रुग्णालयाचे प्रवेशद्वार आहे. त्या सिंहांजवळून रोज कोणी आजी रक्ततपासणीला जाते, मागच्या बाजूला रुग्णवाहिकेच्या होड्या लागतात. मला ही व्हेनिसमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पण रुग्णालय चालायला आजूबाजूला माणसे राहावी लागतात.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की लोकांना पर्यटकांनी हुसकावले नाही, ते आपणहून गेले. यात तथ्य आहे. ओल धरलेल्या भिंती, लिफ्ट नसलेले जिने, मुख्य भूमीवरच्या मार्गेरातले कारखाने आणि मेस्त्रेतले कोरडे फ्लॅट यांनी पन्नास-साठच्या दशकांत माणसे ओढून नेली. 4 नोव्हेंबर 1966 च्या पुराने, पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढल्यावर, तळमजल्यांवर राहणाऱ्यांचे कंबरडे मोडले. पण ऑक्टोबर 2020 पासून मोझे प्रकल्पाचे 78 दरवाजे खाडीच्या तिन्ही मुखांवर मोठी भरती अडवत आहेत. पुराचे भय कमी झाले, तरी रहिवाशांची गळती थांबली नाही. जुने कारण क्षीण होऊनही माणसे जात असतील, तर नव्या कारणाकडे बघितलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. पर्यटन हेच शहराचे उत्पन्न, त्याला हात लावाल तर उपासमार होईल, असे म्हणतात. मोठ्या क्रूझ जहाजांबद्दलही हेच म्हटले जात होते. ऑगस्ट 2021 मध्ये 25 हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरच्या जलमार्गात बंदी झाली. त्याने शहर ओस पडले नाही. शिवाय हे उत्पन्न जाते कुठे, हाही प्रश्न आहे. हॉटेलांत स्वयंपाक करणारे आणि चादरी बदलणारे बरेच जण रोज सकाळी बसने किंवा रेल्वेने पुलावरून येतात, कारण शहरात घर घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहे.

या गर्दीत मराठी माणूसही आहे, म्हणून हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. पंधरा दिवसांत युरोप दाखवणाऱ्या सहलींत व्हेनिसच्या वाट्याला सहसा अर्धा दिवस येतो. होडीने सान मार्को, काचकामाचे प्रात्यक्षिक, गोंडोला आणि परत बस. आयुष्यभर पैसे साठवून एकदाच जाणाऱ्या कुटुंबाला यासाठी बोल लावणे अन्यायाचे होईल. कार्यक्रम ते कुटुंब ठरवत नाही, सहल कंपनी ठरवते. एखादी राजधानी वगळून शहरातल्याच रीतसर हॉटेलात दोन रात्री दिल्या, तर स्टेशन ते सान मार्को या एकाच वाटेवरची रेटारेटी हलकी होईल. पाहणाऱ्यालाही सान रोक्कोच्या सभागृहात तिंतोरेत्तोची चित्रे पाहायला सवड मिळेल.

खरी जबाबदारी मात्र व्हेनिसच्या पालिकेची आहे. अल्पमुदतीच्या भाड्यावर मर्यादा घालण्याचा खास अधिकार इटलीच्या संसदेने तिला 2022 मध्येच दिला. फ्लोरेन्सने 2023 मध्ये आपल्या जुन्या शहरात अशा नव्या भाड्यांवर बंदी घालण्याचे पाऊल उचलले. वाद झाले, पण निदान दिशा दिसली. व्हेनिसने रेल्वे स्थानकाबाहेर क्यूआर कोड तपासायला जी तत्परता दाखवली तीच इथे दाखवावी. एका घरात वर्षातले किती दिवस पाहुणे ठेवता येतील हे ठरवावे. सार्वजनिक मालकीची जी घरे दुरुस्तीअभावी कुलूपबंद पडली आहेत, त्यांच्यासाठी या 5-5 युरोंतून आलेला पैसा राखून ठेवावा आणि दरवर्षी किती घरांचे कुलूप निघाले, त्यांत किती कुटुंबे राहायला आली, याचा आकडा जाहीर करावा.