बदली शिक्षक : वर्ग, कागद आणि संघटना

मुंबईच्या गिरण्यांची धुराडी चालू होती त्या काळी बदली कामगार पाळीच्या वेळी फाटकाशी उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याला काम मिळे, नसता तो रिकाम्या हाताने घरी परते. आज तीच रीत शाळेच्या फाटकाशी येऊन ठेपली आहे. दिल्लीत व मध्य प्रदेशात तिला ‘अतिथी शिक्षक’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्वावरील शिक्षक’. नाव पाहुण्याचे, काम मात्र घरच्या माणसाचे! अभ्यासक्रम तोच, फळा तोच, मुलेही तीच. तास घेतला तर पैसे. दीर्घ सुट्टी लागली की उत्पन्न आटले.

शिक्षक रजेवर गेला असता त्याच्या जागी दुसरा नेमण्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरता तात्पुरत्या माणसांवर शाळा चालविण्याचे धोरण. सरकारी व अनुदानित शाळांत रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते. तो दंडक पाळला गेला असता तर हा प्रश्न इतका उग्र झालाच नसता.

यास्तव बदली शिक्षकाने पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली वही वर्गाची. आधीच्या शिक्षकाचे पाठटाचण मागून घ्यावे, कोणता धडा कुठवर आला हे मुलांच्या वह्यांवरून पडताळावे, हजेरीपटावरील नावे पाठ करावीत. नावाने हाक मारणाऱ्या शिक्षकाला वर्ग परका मानीत नाही. निघताना काय शिकवून झाले व कोण मागे पडले याची नोंद पुढच्या शिक्षकासाठी ठेवावी. शिक्षक बदलला म्हणून कष्टकऱ्यांच्या मुलांचे वर्ष वाया जाता कामा नये. पालकांचा विश्वास याच वहीतून मिळतो, आणि लढ्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

दुसरी वही हक्काची. महाराष्ट्रातील खासगी शाळांना लागू असलेल्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यानुसार तात्पुरती जागा भरतानाही नेमणुकीचा आदेश विहित नमुन्यात द्यावा लागतो व त्यात मुदत नमूद करावी लागते. तोंडी नेमणूक पत्करू नये. जागा रजेची की कायम रिक्त, हे आदेशात पाहावे; पुढचे सारे त्यावर अवलंबून असते. घेतलेल्या प्रत्येक तासाची तारीख लिहावी, हजेरीपुस्तकात सही करावी, देयकाची प्रत जपावी. सेवेतून काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची मुदत अवघी ३० दिवसांची आहे.

कायद्याविषयी भ्रम मात्र नसावा. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाला औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ मानण्यास नकार दिला. केवळ दीर्घ सेवेमुळे कायमपणाचा हक्क आपोआप मिळत नाही, असे २००६ च्या उमादेवी प्रकरणात ठरले. याउलट समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात ठरले. २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांनाही त्याचा आधार मिळाला. न्यायालय एक दार उघडते, दुसरे लावून घेते. पुराव्याची वही आणि मागे उभी असलेली संघटना या दोहोंविना उघड्या दारातूनही आत जाता येत नाही.

येथे कायम शिक्षकांची कसोटी आहे. शिक्षकांच्या खोलीत बदली सहकाऱ्याला कोपऱ्यातली खुर्ची आणि संघटनेच्या सभेत तीही नाही, हे चित्र अनेक ठिकाणी दिसते. आपले पद सुरक्षित आहे या समजुतीत राहणाऱ्याने ध्यानात घ्यावे की तो निवृत्त होईल त्या दिवशी त्याची खुर्ची तासांच्या भावाने विकली जाईल. बदली शिक्षकाला सभासद करून घेणे, त्याच्या थकलेल्या मानधनाची मागणी स्वतःच्या मागण्यांबरोबर मांडणे आणि रिक्त पदांची यादी शाळावार तयार करून पालकांपुढे ठेवणे, ही कामे याच शैक्षणिक वर्षात हाती घेतली पाहिजेत.