मांडीवरचं पुस्तक

ओळखीच्या एका घरी नातीचा तिसरा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी सासू-सुना भेटवस्तू आवरायला बसल्या. बाहुल्या, गाड्या, ठोकळे यांच्या ढिगाखाली सात पुस्तकं निघाली. चार ‘ए फॉर ॲपल’ची, एक अंकांचं, एक प्लास्टिकच्या वेष्टनातला बोधकथांचा संच आणि एक नुसत्या चित्रांचं. सुनेनं ते शेवटचं चाळलं आणि म्हणाली, ‘‘अहो आई, यात तर काहीच लिहिलेलं नाही. बदलून आणू या का?’’

आजींची शाळा चौथीत सुटलेली. इंग्रजीची अक्षरओळखही नाही. त्यामुळे नातीला पुस्तक घेऊन बसवणं हे त्या घरात आईचं काम होतं. आणि ते काम कसं चालायचं? ‘‘हे काय आहे? एलिफंट. मग एलिफंटचं पहिलं अक्षर कोणतं? अगं, कालच सांगितलं होतं ना!’’ तिसऱ्या पानापर्यंत पोरगी मांडीवरून उतरून पसार. ‘‘हिला पुस्तकाची आवडच नाही,’’ असा शेराही मारून झाला होता.

त्या रात्री आईला ऑफिसमधून यायला उशीर झाला, म्हणून आजींनी ते बिनशब्दांचं पुस्तक उघडलं. बाजाराचं चित्र होतं. ‘‘ही बघ भाजीवाली. मेथी निवडतेय. हा म्हातारा तिच्याशी घासाघीस करतोय,’’ असं काहीबाही सांगत गेल्या. नात बघत होती. एकदम ओरडली, ‘‘आजी, मांजर!’’ कोळणीच्या टोपलीमागे खरोखरच एक मांजर दडलं होतं. आजींनाही ते दिसलं नव्हतं! मग त्या मांजराची गोष्ट झाली. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच पुस्तक. आजींनी गोष्ट जरा बदलली तर पोरीनं अडवलं, ‘‘असं नाही, काल मांजर पळालं होतं!’’

मैत्रिणींनो, ‘पुस्तकाची आवडच नाही’ हा शेरा किती घरांत, किती लवकर मारला जातो, याचा विचार केलाय कधी? आवड नसते ती परीक्षेची. मुलाचा आणि पुस्तकाचा पहिलाच परिचय ‘सांग बघू’ अशा दरडावणीनं झाला, तर पुढे वाचनाची गोडी लागावी म्हणून कितीही शिबिरं केली तरी पहिल्या भेटीतला तो कडवटपणा सहज जात नाही. म्हणून शाळेच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत मुलांच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

अक्षरं शिकवणारी पुस्तकं घरात असू नयेत असं नाही. पण ती पाटीच्या जातीची. चित्रांचं गोष्टीचं पुस्तक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चित्र शब्दांची हमाली करत नाही, ते स्वतः गोष्ट सांगतं. पॅट हचिन्स या ब्रिटिश चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’ हे १९६८ सालचं पुस्तक याचा उत्तम नमुना आहे. सगळं मिळून ३२ शब्द. रोझी नावाची कोंबडी अंगणातून फिरायला निघते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते, एवढंच शब्द सांगतात. चित्रात मात्र तिच्या मागावर एक कोल्हा आहे! तो दर वेळी झेप घेतो आणि दर वेळी फजीत होतो. कोल्ह्याबद्दल पुस्तकात एकही शब्द नाही. वाचणारी आई कोंबडीबद्दल वाचते आणि ऐकणारं पोर ओरडतं, ‘‘अगं, मागे कोल्हा!’’ ज्याला वाचता येत नाही त्यालाच जास्त माहीत असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात असे प्रसंग कितीसे येतात?

मग पुस्तक निवडायचं कसं? वांगं घेताना आपण उलटून-पालटून बघतो, साडी घेताना पदर उलगडून बघतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘किती वर्षांचा आहे? द्या एखादं’ म्हणून मोकळ्या होतो. तसं करू नका. वेष्टनात बंद संच असेल तर दुकानदाराला एक प्रत उघडून दाखवायला सांगा. आणि तिथेच उभं राहून ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. दोन-तीन मिनिटं लागतात. आधी शब्द झाकून नुसती चित्रं बघा. गोष्ट थोडीफार कळते का? पहिल्या पानावरची मुलगी पाचव्या पानावर तीच वाटते का? कावळा कावळ्यासारखा बसलाय, की नुसता काळा रंग फासलाय? चित्रात पुन्हा पुन्हा शोधावं असं काही आहे का?

मग मजकूर हलक्या आवाजात वाचा. जीभ अडखळते का? काही पुस्तकांतलं मराठी असं असतं, की ‘ओह, किती सुंदर दिवस आहे हा!’ म्हणत पात्रं वावरतात. आपल्याकडचं कुठलं पोर असं बोलतं? मूल बोलायला शिकतंय ते ऐकून. त्याच्या कानावर पडणारं मराठी छोटं, सोपं आणि ठसकेबाज असू द्या. एखादं वाक्य पानोपानी परत येत असेल तर फारच छान, दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य मूलच म्हणेल. हेही लक्षात ठेवा, की हे पुस्तक तुम्हाला निदान पन्नास वेळा वाचायचं आहे. तुम्हालाच पहिल्या वाचनात कंटाळा आला, तर ते परत ठेवा.

पुस्तकात जग कुणाचं आहे, हेही बघावं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांनी महागडी साधनं मागवली नाहीत. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे असं मुलांच्या भोवतीच जे होतं, त्यातून शिकवलं. पुस्तकालाही हेच लागू पडतं. मुलाला बर्फातलं अस्वल जरूर भेटू द्या, पण आधी त्याच्या ओळखीची चाळ, एस.टी., गॅलरीतली वाळत घातलेली चादर पुस्तकात दिसू द्या. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘बाबांच्या मिश्या’ ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं मुलांना इतकी आपली वाटतात ती यामुळेच. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रं बघायची आणि आपण बोलायचं.

आणि आपल्या पुरवणीत हे म्हणायलाच हवं, पुस्तकातली आई काय करतेय तेही बघा. प्रत्येक चित्रात आई ओट्यापाशी आणि बाबा पेपर घेऊन खुर्चीत, ताई बाहुली खेळतेय आणि दादा झाडावर चढलाय, राजकन्या गोरीपान आणि राक्षस काळाकुट्ट! आपण तोंडानं समानतेच्या कितीही गोष्टी केल्या तरी पन्नास वेळा पाहिलेलं चित्र मनात रुतून बसतं. एका पुस्तकानं काही बिघडत नाही, पण घरातली सगळीच पुस्तकं तशी असतील तर विचार करायला हवा.

तात्पर्याचा सोसही जरा आवरावा. ‘म्हणून मुलांनो, नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य मूल ऐकतच नाही, त्याचं लक्ष अजून लांडग्याकडे असतं. उलट मूल रागावलेलं, घाबरलेलं, रुसलेलं दाखवणारी पुस्तकं मोठ्यांना नकोशी वाटतात. मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ मध्ये अमेरिकेत आलं, तेव्हा ‘मुलं घाबरतील’ अशी काही मोठ्यांना धास्ती वाटली. त्यात दांडगाई केल्याबद्दल जेवणाविना खोलीत पाठवलेला एक मुलगा राक्षसांच्या देशात जाऊन त्यांचा राजा होतो आणि शेवटी घरी परततो. खोलीत त्याचं गरम जेवण तयार असतं. १९६४ मध्ये पुस्तकाला तिथला मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. रागावलं तरी घर आपलंच राहतं, हे मुलाला उपदेशाशिवाय कळतं.

वयाचा हिशेब सोपा आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ पुस्तक चावणारच, तेव्हा जाड पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे हवेत. पुढे दोन-तीन वर्षं एका पानावर एक-दोन वाक्यं पुरतात. पाचव्या वर्षाच्या सुमाराला जराशी मोठी गोष्ट चालते.

‘पुस्तकं महाग’ ही तक्रार खरी आहे, पण वाटा आहेत. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं फुकट वाचायला मिळतात. ती मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापून, दोऱ्यानं टाचून हातात द्या. पडद्यावरची चित्रं आपणहून पुढे पळतात, पुस्तकाचं पान मात्र मूल उलटेपर्यंत थांबतं. सोसायटीतल्या चार-पाच आयांनी मिळून प्रत्येकी दोन चांगली पुस्तकं घेतली आणि फिरवली, तरी प्रत्येकीच्या घरात आठ-दहा होतात.

आणि एकदा पुस्तक आणलं की मुलाला त्याचं मालक होऊ द्या. मधलं पान आधी उघडू दे, एकाच चित्रावर दहा मिनिटं रेंगाळू दे, फाटलं तर दोघं मिळून चिकटपट्टी लावा. फक्त ‘सांग बघू’ म्हणू नका. ‘मला तर इथे काहीतरी गंमत दिसतेय’ एवढं म्हणून गप्प बसा.

त्या घरातलं बिनशब्दांचं पुस्तक बदललं गेलं नाही. आता आई लवकर घरी आली तरी रात्री पुस्तक आजींच्याच मांडीवर उघडतं आणि सून शेजारी येऊन बसते. कारण त्या चित्रात अजून एक मांजर आहे म्हणे, आणि ते कुठे आहे हे आजी-नात तिला सांगायलाच तयार नाहीत!